बोटभर आखूड

— नाही म्हटलं ना, मंगळू घरात नाही. त्र्यंबकच्या वाटेवर मोटार अडलीय, तिकडे गेलाय. आणि ते बूट ऐरणीपासून लांब घे, ऐरण आहे ती, तुझ्या कॉलेजची पायरी नाही. बस त्या पेटीवर. पेटीवर रे, भात्यावर नाही! काय आणलंयस — वही? आणखी एक वही. गेल्या महिन्यात पुण्याचा एक आला होता, त्याच्याकडेही वहीच होती. त्याच्या आधी मुंबईचे दोघे, त्यातल्या एकाने तर माझ्या चुलीचंसुद्धा माप घेतलं — का, तर म्हणे आजीबाई, गुपित कुठे असेल सांगता येत नाही. चुलीत! आणि प्रश्न सगळ्यांचा एकच. दांडा किती लांब ठेवलात? देवळालीच्या मैदानात मोटार पळवलीत तेव्हा दांडा किती लांब होता? तू त्याला कनेक्टिंग रॉड म्हण, आमच्याकडे दांडाच. वर पिस्टन खालीवर नाचतो, खाली क्रँक गरगर फिरतो, आणि दांडा दोघांच्या मधे ताणला जातो — घरातल्या सुनेसारखा. एवढंच काम त्याचं. ह्याला तुम्हा लोकांना तीन-तीन वर्षं कॉलेज लागतं.

तुझं पुस्तक काय म्हणतं? वाच की, मला वाचता येत नाही म्हणून ऐकू येत नाही असं नाही. हं. लांब दांडा कमी कलतो, पिस्टन भिंतीला कमी घासतो, वर जरा जास्त वेळ थांबतो — बरं. आणि पुढच्या पानावर? आखूड दांड्याने पिस्टन वरून झटकन सुटतो, इंजिन खालच्या वेगात लवकर ओढ घेतं. म्हणजे लांबही चांगला आणि आखूडही चांगला! हे लिहायला विलायतेला गेला होता का तो पुस्तकवाला? नाही, तू बस. आलायस एवढा उन्हाचा, तर गोष्ट ऐकून जा. पण गोष्टीसारखी ऐक, मधेच किती इंच म्हणून विचारायचं नाही.

तर नाशकात, देवळाली कॅम्पाच्या वाटेवर, एक लोहार राहत होता, मंगळू त्याचं नाव. त्याची बायको फुला, दिंडोरीकडची, तोंडाने कमी आणि डोळ्याने जास्त. आणि एक होती म्हातारी, मंगळूची आई झुंबरबाई. — हसतोस काय? मीच ती. पण गोष्टीत मी येत नाही, गोष्टीत म्हातारी येते, म्हणजे सांगायला बरं पडतं. ह्या तिघांची भट्टी होती दुसऱ्याच्या जागेवर. जागा रंगनाथरावांची, ज्यांच्या आठ मोटारी नाशिक-त्र्यंबक चालतात. मंगळूच्या बापाला त्यांच्या बापाने बसवलं होतं इथे, गाड्यांच्या चाकांना धाव चढवायला. धाव माहीत आहे का? नाहीच माहीत. बैलगाडीच्या लाकडी चाकाला बाहेरून जी लोखंडी पट्टी असते ती. ती चाकाएवढी नाही करायची. चाकापेक्षा लहान करायची, तापवून लाल करायची, म्हणजे ती वाढते, मग चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं — गार होते तशी आवळते, आणि लाकडाचे सगळे आरे कचकन् जागेवर बसतात. किती लहान करायची? एक बोट. चाकाला दोरी गुंडाळून माप घ्यायचं आणि त्यातून एक बोट कमी. इथे इंच नाही, फूट नाही, बोट.

आणि हे बोट कोण कमी करतं? घरातली मोठी बाई. पुरुष सांडशी धरतो, बाई घण मारते — हो, बाई, हा दंड बघ माझा, चाळीस वर्षं घण मारलाय, तुझ्या दोन्ही दंडांचा मिळून एक होणार नाही — आणि माप बाईच्या हातात. माप आणून तिच्यापुढे ठेवायचं, ती काठीवर बोट लावून खूण करते, आणि बोलायचं नाही. भट्टीपाशी माप तोंडाने बोलायचं नाही, लोखंड ऐकतं आणि हट्ट करतं, असं आमच्यात मानतात. किती कमी केलं हे पोरगा आईला विचारत नाही, आई पोराला सांगत नाही. सून आली की सासू तिला एकदा, बंद दाराआड, बोट कसं लावायचं ते दाखवते, की झालं. म्हातारीनेही फुलाला दाखवलं होतं, ह्या गोष्टीच्या आधीच्याच दिवाळीत. दाखवलं, पण काठी काही हातात दिली नव्हती. का देईल?

तर रंगनाथरावांच्या डोक्यात शिरलं, देवळालीला मोटारींची शर्यत आहे, आपण उतरायचं. शर्यत कसली — घोडे फिरवायचं गोल मैदान ते, अर्धा मैलसुद्धा नाही, चिखलमातीचं, त्यात बारा फेऱ्या. माणसं शहाणी असतात तेव्हा एका जागेहून दुसऱ्या जागी जायला मोटार घेतात, आणि जास्त शहाणी झाली की जिथून निघाली तिथेच यायला. पण हौस! त्यांनी मुंबईहून इंजिनियर आणला. त्याचं नाव घेत नाही, तुझा मास्तरच असायचा. पांढरी पँट घालून भट्टीत आला, आणि जागा झटकून बसला त्याच पेटीवर, जिच्यावर तू बसलायस. त्याने इंजिन उघडलं, जुने दांडे काढले, म्हणाला हे आखूड आहेत, नऊ इंच. विलायतेत लांब घालतात. पावणेदहाचे करा. मंगळूने विचारलं, साहेब, दांडा पाऊण इंच वाढला तर पिस्टन वर जाऊन डोकं आपटेल की! साहेब हसला. म्हणाला, त्याला पिस्टन बुटका घालायचा, मुंबईहून मागवतो, नवे, हलके, चकचकीत. दांडा लांब, पिस्टन बुटका. बेरीज तीच राहिली पाहिजे. — हे मात्र लिही. अख्ख्या गोष्टीत त्या माणसाने एवढंच खरं सांगितलं. पिस्टन आणि दांडा मिळून उंची तीच हवी.

जुने दांडे तो नमुन्याला मुंबईला घेऊन गेला. जुने पिस्टन, बिडाचे, उंच, जड, ते म्हणाला भंगार. म्हातारीने भंगार घरात नेलं. एकात भोकांना चिंध्या कोंबून मोहरी ठेवली, एक खाटेच्या लंगड्या पायाखाली घातला, एकात वाती, आणि चौथा शेजारच्या भागीबाईला दिला, लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून. चांगली चीज, टाकायची कशाला?

रंगनाथराव मंगळूला काय म्हणाले, ते ऐक. म्हणाले, मंगळू, जिंकलो तर ही जागा तुझ्या नावे करतो, आणि आठही मोटारींचं काम तुझं. आणि नाही जमलं, तर मग मला मुंबईचा मिस्त्री इथे बसवावा लागेल, तू बघ दुसरीकडे. गोड बोलून म्हणाले, पानसुद्धा दिलं. आता तूच सांग, बापाची भट्टी उचलून कुठे न्यायची? नाशकात लोहाराला जागा काय रस्त्यावर पडलीय? त्या दिवसापासून पोराला अन्न गोड लागेना. एका जुन्या लॉरीचा आस आणला, चांगलं पोलाद, त्याचे चार तुकडे केले. साहेबाच्या मापाची काठी कापली, पावणेदहा इंचाची, आणि रीतीप्रमाणे आणून आईपुढे ठेवली. बोलला नाही. भट्टीपाशी कोण बोलणार? आणि गेला कोळसा आणायला.

म्हातारीने काठी घेतली. आणि — काय केलं असेल? कर विचार. तू तर इंजिनियर. बोट लावलं! लावलं बोट, कमी केलं, खूण केली, वरचा तुकडा कापून चुलीत टाकला. चाळीस वर्षं जे हात करत आले ते हातांनी केलं. धाव चौदा फूट लांब असते, तिच्यातून एक बोट गेलं तर कळत नाही. दहा इंचाच्या दांड्यातून गेलं तर — पण हे तिला तेव्हा कोण सांगणार? तिच्या लेखी लोखंड ते लोखंड, तापणार, वाढणार, आवळणार. अं? नाही, तेव्हा — म्हणजे लोकांना वाटलं, फुलाने लावलं. गोष्टीत तसंच आहे. फुलाने काठी कापली. मी म्हातारी म्हटलं का? बरं, खोड ते. फुलाने.

चार दांडे झाले. घण म्हातारीनेच मारला, सुनेला साधा भाता दिला. मोटारस्टँडच्या लेथवर भोकं पाडून आणली, चारही त्याच काठीवरून. आणि तेवढ्याने वाचलो बघ — चारही सारखेच चुकले. एक आखूड आणि तीन बरोबर असते ना, तर इंजिनाने स्वतःचीच हाडं मोडून घेतली असती. तुमच्या पुस्तकात आहे का हे? किती लांब, किती लांब! चारही सारखे आहेत का, हे कोणी विचारत नाही.

बुधवारी इंजिन जोडलं, साहेबाच्या बुटक्या पिस्टनांसकट. रविवारी शर्यत. सगळी जमली, रंगनाथराव, साहेब, ड्रायव्हर खाजा. खाजाने हँडल मारलं. इंजिन खोकलं, थुंकलं आणि गप्प. परत मारलं, परत खोकलं. दाबच नाही! पिस्टन वर पोचेचना, बोटभर खालीच थांबे. साहेबाने उघडलं, पट्टी लावली, आणि दांडा उचलून सगळ्यांसमोर मंगळूच्या पायाशी टाकला. काय म्हणाला? म्हणाला, बैलगाडीच्या लोहाराकडून दुसरं काय होणार. आणि रंगनाथरावांना म्हणाला, मी देवळालीला जातो, तिथे मुंबईच्या शेठची मोटार मी केलीय, लांब दांड्यांची, ती तरी बघतो. गेला. रंगनाथरावांनी मंगळूच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जागेकडे बघितलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. न बोलणारा माणूस फार बोलतो.

मग मंगळू घरात आला, काठी हातात. काठी पावणेदहाची नव्हती, नऊची होती. विचारलं, हिला बोट कोणी लावलं? म्हातारी — म्हातारी तिथेच होती, तांदूळ निवडत होती. मंगळू तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता रे. आई चुकेल हे त्या पोराच्या मनातच येईना. तो बघत होता फुलाकडे. म्हणाला, तुला दिवाळीत दाखवलं, आणि तू लगेच हात चालवलास? फुलाने एकदा म्हातारीकडे बघितलं. एकदाच. बघितलं, आणि खाली बघितलं. नाही म्हणाली नाही. हो म्हणाली नाही. आणि म्हातारीच्या हातात तांदूळ होते, ती निवडत राहिली, खडा एकसुद्धा नव्हता त्यात, तरी निवडत राहिली. मंगळू म्हणाला, शर्यत झाली की जागा जाईल, त्याआधी तू दिंडोरीला जा. उद्या सकाळी. बापाला सांग, मापाला हात लावला म्हणून पाठवलं.

बघतोस काय माझ्याकडे? तुझ्या घरात कधी काही झालं नाही? म्हातारी काय बोलली असती? चाळीस वर्षांची तिची इज्जत त्या बोटात होती. पंचक्रोशीतल्या गाड्या त्या बोटावर चालत होत्या. एक शब्द बोलली असती, तर लोक म्हणाले असते झुंबरबाईची नजर गेली, हात गेला, आता हिला कोपऱ्यात बसवा. सून तरुण होती, माहेर होतं, चार दिवसांनी परत आणली असती. असं म्हातारीने मनात म्हटलं. मनात. पाणी पी, वही राहू दे.

गुरुवारी सकाळी फुलाने लुगडी बांधली. जाताना ओटा आवरून जावं म्हणून डबे पुसायला लागली — असली बाई, हाकलली तरी ओटा पुसून जाणार! मोहरीचा पिस्टन उचलला. आणि अंगणात मंगळूने रागाने भिरकावलेला नवा बुटका पिस्टन पडला होता, तोही उचलून आणला, बहुतेक तोही पुसायला. दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले. थांबली. मग मोहरी पदरात ओतली, चिंध्या काढल्या, दोन्ही परत ठेवले, पिस्टनच्या पोटात दांडा अडकवायची जी भोकं असतात त्यांतून एकच सळई घातली, म्हणजे भोकं एका रेषेत. बोलली का ती मंगळूला? नाही! मला हाक मारली. आत्याबाई, इकडे या, म्हणाली. मी गेले. म्हणाली, तुमचं बोट ठेवा ह्या बुटक्यावर. मी म्हटलं, तुझं ठेव. म्हणाली, माझं बारीक आहे, तुमचंच लागेल.

ठेवलं मी. जुन्याच्या डोक्याशी एकदम सपाट. केस घालायला फट नाही. माझ्या बोटाएवढाच जुना उंच होता, आणि माझ्या बोटाएवढाच दांडा आखूड. बेरीज तीच! आणि तिला सगळं ठाऊक होतं — बोट कुणाचं, कधी लावलं, सगळं, कोळसा आणायला मंगळू गेला तेव्हा ती दारात उभी होती. बघितलं होतं तिने. माझ्या डोळ्याला डोळा लावून म्हणाली, आत्याबाई, आपले दांडे चुकलेले नाहीत, पिस्टन चुकीचे आहेत. आपले म्हणाली. ओरडली असती, रडली असती, तर मला कळलं असतं काय करायचं ते. मी घणासारखी बाई, मला ठोकता येतं. हे असलं काय करायचं असतं, मला कोणी शिकवलं नव्हतं.

— हां, तर म्हातारी. म्हातारीने मंगळूला हाक मारली. फुलाने शोधलं हे सांगितलं, तेवढं तरी सांगितलं. मग काय, घरात दंगा! खाटेखालचा काढला तशी खाट कलंडली, वाती चुलीपाशी सांडल्या, भागीबाई म्हणते लोणचं नासलं तर तुम्ही भरून द्या. चारही पिस्टन जमवले, रॉकेलने धुतले, नव्या रिंगा बसवल्या. शुक्रवार गेला, शनिवारी दुपारी इंजिन परत जोडून झालं. खाजाने हँडल मारलं आणि पहिल्या झटक्याला असं गुरगुरलं की शेजारच्या कोंबड्या छपरावर.

शर्यत मी बघितली. सहा मोटारी. शेठची मोटार, साहेबाच्या लांब दांड्यांची, सरळ भागात हवेसारखी जाई — पण त्या मैदानात सरळ भाग आहे कुठे? वळण संपलं की वळण. वळणात वेग पडतो, बाहेर पडताना इंजिनाने खालून ओढ घेतली पाहिजे. तिला जाग येईपर्यंत पुढचं वळण दारात! आणि आपली, जड पिस्टनांची, आखूड दांड्यांची, प्रत्येक वळणातून बैलाने मान घालावी तशी बाहेर येई. सातव्या फेरीत गाठलं, दहाव्यात मागे टाकलं. आता हे दांड्याने झालं का खाजाने झालं, मला विचारू नकोस. खाजा बारा वर्षं त्र्यंबकच्या वळणांवर माणसं भरून मोटार चालवतो, त्याला वळण कळतं. तो स्वतः म्हणाला, निम्मी ओढ इंजिनाची, निम्मी माझ्या पायाची. तुमच्या पुस्तकात खाजाचा पाय आहे का? नऊ इंच, बाबा. लिही. नऊ. ज्या कारखान्याने मोटार केली त्यांनी पहिल्यापासून घातलं होतं ते माप. त्यांनी पिस्टन आधी ठरवला असेल, मग उरलेल्या जागेत दांडा. एवढी अक्कल त्यांना होती, तुमच्या साहेबाला नव्हती, तुला पण अजून आलेली दिसत नाही. ह्यासाठी तू पुण्याहून आलास! आणि उद्या दुसरा येईल.

आणि मग बघ गंमत. जिंकल्यावर मंगळूने भर मैदानात सांगितलं, माझ्या बायकोने चुकून बोट लावलं म्हणून जिंकलो! ज्या तोंडाने हाकलली त्याच तोंडाने. लोकांनी उचलून धरलं. सूनबाईचं बोट, सूनबाईचं बोट! रंगनाथरावांच्या बायकोने तिची ओटी भरली, हिरवं लुगडं दिलं, मोटारवाले अजून येतात तिला बघायला, गाडी सुरू करायच्या आधी तिच्याकडून बॉनेटला बोट लावून घेतात. देवीसारखं! आणि मी इथे बसून बघते. माझं बोट! चाळीस वर्षांचं बोट माझं, चूक माझी, आणि जिंकलं तेही माझ्याच चुकीने, आणि कौतुक — लाव रे तुझं बोट इथे, बघ, माझं रुंद आहे का नाही? तिचं बघ मागे गेल्यावर, काडीसारखं. त्या बोटाने पाऊण इंच होतच नाही! कोणाच्या लक्षात येत नाही, एवढे इंजिनियर येऊन गेले, पट्ट्या घेऊन, चुलीला माप लावतात, सुनेच्या बोटाला लावत नाहीत —

काय लिहिलंस? दाखव. मला वाचता येत नाही, पण आता काय लिहिलंस ते कळतंय. फाड ते पान. फाड. चुलीत टाक, त्या काठीचा तुकडाही तिथेच गेला. मंगळूला ठाऊक नाही, आणि तुझ्या तोंडून कळायचं नाही. मी सांगेन. सांगणार होते, दर वर्षी दिवाळीला सांगणार असते. पहिल्या वर्षी तोंड उघडलं होतं, तर फुलाच मधे बोलली, आत्याबाई, भाकरी करपली. करपली नव्हती. खोटं वाटत असेल तर जा विचार तिला, मागे आहे, तिला विचार बोट कुणाचं. माझं, म्हणेल. तीन वर्षं झाली, माझं म्हणते. घरच्या मापाची काठीसुद्धा आता तिच्याकडेच आहे, मीच दिली, आणि कुठल्या चाकाला किती कमी केलं ते मला सांगत नाही, रीत आहे तशी.

तर त्या लोहाराच्या नावावर जागा झाली, भट्टीवर पत्रे चढले, आठ मोटारी दारात येऊन उभ्या राहायला लागल्या, आणि सून घरातच राहिली. एवढी गोष्ट. ऊठ आता, भाता झाकतोस तू माझा.